आज किती आले

तांबट लेनमधल्या भांड्यांच्या संग्रहालयात
माझं काम एवढंच :
दारात स्टुलावर बसायचं
आणि माणूस आत आला की अंगठा दाबायचा.
टिक.
मुठीतल्या डबीत चार आकडे फिरतात,
नऊ हजार नऊशे नव्व्याण्णवनंतर पुन्हा सगळे शून्य.
तशी वेळ अजून आलेली नाही.

सहा वाजता वहीत उतरवतो,
शनिवारी महापालिकेत पाठवतो.
तिथे दुसाने साहेब त्याची रेघ काढतात.
रेघ चढली की फोन येतो.
उतरली तरी येतो.

एप्रिलात चढली. एका बुधवारी तीनशे अकरा.
साहेब म्हणाले, बघा, लोकांना वारसा कळू लागला.
मी म्हणालो, हो.
बुधवारी गंगेवर बाजार असतो
आणि आमच्याकडे गार पाण्याचा कूलर.
मेमध्ये कूलरची तोटी गेली,
तिच्यामागोमाग रेघही गेली.
साहेबांनी विचारलं, मांडणीत काही बदललंत का?

इमारतीला मागून दार आहे.
भद्रकालीकडे जायचं तर चार मिनिटं वाचतात.
कोथिंबिरीच्या जुड्या घेतलेल्या बायका,
क्लासला उशीर झालेली पोरं,
एकदा तर खांद्यावर गॅसची टाकी घेतलेला माणूस,
घंगाळाला वळसा घालून
तांब्यापितळेकडे न बघता पलीकडे.
टिक टिक टिक.
वहीत सगळे आलेलेच.
‘नुसते गेलेले’ असा रकाना नाही.

मग आमचे कडलग.
सातपूरच्या कारखान्यातून निवृत्त,
रोज साडेदहाला, मफलर बांधून,
एकाच बंबासमोर पाच मिनिटं.
महिन्याचे सव्वीस कडलग.
ही माणसं सव्वीस धरायची की एक?
साहेबांना विचारलं तर
‘वेगवेगळी माणसं’ असा नवा रकाना आखून आला.
त्या महिन्यात आकडा निम्म्यावर आला
आणि रकाना परत गेला.

खोटं कशाला सांगू,
डिसेंबरात, निफाडकडचा गारठा शहरात शिरलेला,
दुपारी चारपर्यंत डबीत शून्य होतं.
मी बाहेर जाऊन चहा प्यालो,
आत आलो आणि स्वतःसाठी अंगठा दाबला.
शेवंताबाई झाडू थांबवून बघत होत्या.
म्हणाल्या, सकाळी मी पण आले होते की.
दोन.

परवा साडेचारला एक बाई आल्या.
संगमनेरच्या एसटीचं तिकीट अजून बोटांत.
टिक.
हंड्यासमोर खालीच बसल्या, गुडघा धरून.
हात लावू नये अशी पाटी आहे,
त्यांनी लावला.
हंड्याच्या गळ्याला ठिपक्याठिपक्यांनी ठोकलेलं नाव,
सौ. द्वारका कुणीतरी. त्यांची कुणी नव्हे.
म्हणाल्या, हे अक्षर आमच्या दादांचं.
इथेच ओट्यावर बसायचे, छिन्नी-हातोडी घेऊन.
अक्षरामागे पाच पैसे.
काना-मात्रेचे घेत नसत.
शाळा तिसरी, म्हणून ‘द्वा’ नेहमी असा फुटायचा.

मग त्या भांड्याभांड्याला फिरल्या.
परातीचा काठ, कळशीचं पोट,
चष्मा कपाळावर, नाक पितळेला टेकलेलं.
हे नाही. हे नाही. हे आमचं.
नऊ सापडली.
सहा वाजून गेले, मी दिवे तसेच ठेवले.
शेवंताबाईंनी पातेली उलटी करून दाखवायला सुरुवात केली.

साहेबांचा फोन : परवा फक्त चौदा?
हो. चौदा.
त्यातले दहा मागच्या दाराने गेले हे सांगणार होतो,
राहून गेलं.

आणि हेही राहिलं :
बाई गेल्या, कोपऱ्यापर्यंत पोचल्या,
पिशवी विसरली म्हणून परत आल्या.
पिशवी दाराशीच होती.
ती न उचलता पुन्हा हंड्याकडे वळल्या.
वही तर कधीच मिटली होती.
तरी मी अंगठा दाबला.